बारावा माड

आईचा खुबा मोडला त्याला त्या दिवशी अकरा आठवडे झाले होते. आत एक प्लेट आणि चार स्क्रू होते. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या: पाय कमरेत काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा नाही, आणि तो कुठे आदळू द्यायचा नाही. आईचं वय ब्याऐंशी, वजन शेवटचं केलं तेव्हा अठ्ठेचाळीस किलो. हे आकडे आधी सांगतो, कारण चक्रीवादळ येतंय म्हटल्यावर माझ्या डोक्यात छप्पर आलं नाही की कलमांवरचे आंबे आले नाहीत. हिला हलवायचं कसं, एवढंच आलं.

वैशाख संपत आला होता. मोबाइलवर दोन दिवस इशारे येत होते. मग आदल्या दिवशी सकाळी भोंगा लावलेली रिक्षा आचऱ्याच्या बाजूने आली आणि किनाऱ्यालगतच्या लोकांनी दुपारपर्यंत शाळेत जावं असं सांगत पुढे गेली. आमचं घर भरतीच्या रेषेपासून तीनशे दहा मीटरवर आहे आणि जमिनीची पातळी भरतीच्या पाण्याहून साधारण आठ मीटर वर. माझी तीस वर्षं जमीन मोजणीच्या कामात गेली, त्यामुळे हे मला टेप न काढता माहीत होतं. शाळा दीड किलोमीटरवर, त्यात शेवटी चढणीची पाखाडी, त्र्याऐंशी पायऱ्या. आईला त्या पायऱ्यांवरून न्यायला निदान चार माणसं हवीत, वर जाऊन बाकावर झोपवायचं आणि संडास मैदानाच्या पलीकडे. मी ठरवलं, आपण घरातच राहायचं.

"तुमका खात्री आसा?" बायकोने विचारलं.

"पाणी हयसर येवचा नाय."

"मी पाण्याचा नाय इचारलंय."

तिचं बरोबर होतं. आम्हाला भीती पाण्याची नव्हती, झाडांची होती. घराभोवती आमचे अकरा माड आहेत. प्रत्येकाच्या बुंध्यावर मी चुन्याने आकडा घातलेला आहे. वैशाखात आमच्याकडे पावणेचारच्या सुमाराला सावली बरोबर उंचीएवढी पडते. त्या दिवशी ढग होते, पण मधून मधून ऊन येत होतं, तेवढ्यात मी टेप घेऊन अकराही माडांच्या सावल्या मोजल्या. कललेल्या माडांना दीड मीटर जास्त धरलं. मग वहीत घराचा नकाशा काढला आणि प्रत्येक माडाभोवती त्याच्या लांबीएवढं वर्तुळ काढलं. माड कुठेही पडला तरी त्या वर्तुळाबाहेर जाणार नाही.

आईची खोली समुद्राच्या बाजूला, पडवीला लागून. ती तीन आणि चार नंबरच्या वर्तुळांत पूर्ण बुडाली होती. पडवी पाचच्या वर्तुळात होती. आठ नंबरचं वर्तुळ स्वयंपाकघराचा एक कोपरा कापत होतं. मागची खोली, जिथे आम्ही भाताची पिंपं आणि सोललेले नारळ ठेवतो, ती अगदी कोरी राहिली. आईला तिथे हलवायचं ठरलं.

आता बाराव्या माडाबद्दल सांगायला हवं.

आमच्या भागात वाटण्या होतात तेव्हा जमीन एकाला आणि झाड दुसऱ्याला असं पुष्कळदा होतं. आजोबांनंतर मागीलदाराची जमीन आमच्या वाट्याला आली. पण तिथला एक माड भरपूर धरायचा, म्हणून तो तेवढा चुलत्यांच्या वाट्याला गेला. उभा आमच्या जमिनीत, नारळ त्यांचे. आता त्या घरात माझ्या चुलतभावाची बायको एकटीच राहते. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. मी तिला वयनी म्हणतो, म्हणजे म्हणायचो. सहा वर्षांपूर्वी त्या माडाच्या दोन पेंडी, म्हणजे नारळांचे घड, आमच्या कौलांवर लोंबत होत्या. तिला विचारून, तिने "काढा" म्हटल्यावर मी त्या उतरवल्या आणि नारळ मोजून तिच्या दारात नेऊन ठेवले. आठवड्याने कानावर आलं की विहिरीवर ती म्हणाली, माझ्या माडाचे नारळ दीर परस्पर उतरवतात. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. माझी बायको तिच्याशी दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून बोलते, ते मला दिसतं आणि मी काही म्हणत नाही.

माडांच्या पेंडी वादळात सुटतात आणि कौलांतून आत येतात. म्हणून मी पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला, दुपारी बोलावलं होतं. त्याने आमचे अकरा माड भराभर मोकळे केले आणि मागीलदारात येऊन बाराव्याकडे बघत उभा राहिला.

"हो घराकडे वाकलो हा. हेचो शेंडो मारूक व्हयो."

"तो आमचो नाय."

"पडताना तो सातबारो बघतलो काय?"

माडाचा शेंडा तोडला की माड मेला. पन्नास वर्षं धरत आलेलं झाड. बायकोने माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि गडग्याकडे गेली. दहा मिनिटांत परत आली.

"वयनी म्हणतत, मारा शेंडो. आवयचो जीव मोठो."

मी तेव्हा 'बरं' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "लिवन दी म्हणावं. दोन ओळी."

"आता?"

"आताच. उद्या सगळ्या गावात म्हणतली, माझो माड मारलो."

बायको तशीच मागे वळली. पुन्हा गेली. या वेळी तिच्या मागोमाग वयनीच गडग्याशी आली. सहा वर्षांत मी तिला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. केस सगळे पिकले होते.

"भावजी, कागद व्हयो तुमका?"

"तसा नाय वयनी. रीतसर असलेला बरा."

"माका लिवक येता. पण ह्यो माड आमका दिल्यानी तेव्हा तुमच्या बापाशीन कागद केल्ल्यान? तोंडान म्हटल्यान 'तुमचो', आणि आमी पन्नास वर्सां खाल्लव. माझा तोंड तुमका चलना नाय, तर ऱ्हवांदे."

पाडेल्याने दोरी खांद्यावर टाकली. "माका अजून सात घरां आसत. तुमचो कागद होयसर वादळ मुंबयत पोचात." तो गेला. वयनी पण गेली. तिच्या घराचं दार लागल्याचा आवाज आला.

मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर जरा सुटल्यासारखंही वाटलं होतं. झाड तिचं, जबाबदारी तिची. वहीच्या त्या पानावर मी सकाळीच मथळा लिहिला होता, 'आमचे माड'. बारावा त्यात बसत नव्हता. त्याची सावली मी मोजली नाही, त्याचं वर्तुळ काढलं नाही. तीस वर्षं मी लोकांच्या बांधांवर उभा राहून झाड कोणाचं, सावली कोणाची, यावरून माणसं भांडताना पाहिली होती. तरी मी नकाशात फक्त आपली झाडं काढली आणि कोऱ्या राहिलेल्या जागेला सुरक्षित म्हटलं.

साडेपाचला शेजारची चार माणसं शाळेत जायला निघाली होती. जाता जाता त्यांनी आईला पलंगासकट उचललं आणि खळ्यातून, म्हणजे अंगणातून, वळसा घालून मागच्या दाराने आत ठेवलं. आतल्या दाराने पलंग जात नाही, तो तीन इंच जास्त रुंद आहे. आई पलंगावरून सगळ्यांना हात करत होती. "पालखी बरी आसा," ती म्हणाली, "पण ढोल खंय?"

मग बाकीची तयारी. पिण्याचं पाणी दोन कळश्या आणि तीन कॅन, साधारण पंचाहत्तर लिटर. आईच्या गोळ्या नऊ दिवसांच्या. कंदील दोन, रॉकेल अर्धा लिटर, बॅटऱ्या. चुलीची लाकडं आत. कौलांवर आडवे बांबू घालून काथ्याने वाशांना बांधले, पडवीवरची कौलं मात्र राहिली, काथ्या संपला. कपडे वाळत घालायची तारेची चौकट आणि सायकल आत घेतली. आईचं भांडं आणि जुनी धुवट लुगडी मागच्या खोलीत. यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे मी खूण केली. सगळ्या खुणा झाल्या तेव्हा मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वीज गेली. पाऊस जोरात होता, वारा वाढत होता, पण अजून पावसाळ्यातल्यासारखाच. आम्ही आईला चहा दिला. ती कान देऊन ऐकत होती.

"वारो खंयसून येता रे?"

"दर्यावरसून."

"दर्यावरसून येता तर माझ्या ह्या खिडकेत कित्याक वाजता?"

मागच्या खोलीची खिडकी पूर्वेला, घाटाकडे. तिची झडप खडखडत होती. मी बोटभर उघडली आणि पावसाचा सपकारा तोंडावर आला. वारा घाटाकडून येत होता. मी आयुष्यभर समुद्राकाठी राहिलो, पण जोराचा वारा म्हणजे समुद्राकडूनच, असंच गृहीत धरत आलो. आईचा बाप होडीवर जायचा. ती म्हणाली, "आधी घाटावरसून येता, मगे फिरता. आमच्या बापाशीक ठावक होता." आणि चहा मागितला.

खिडकीच्या फटीतून बारावा माड दिसत होता. तो सरळ आमच्याकडे वाकत होता. झावळं सगळी पुढे, डोक्यावरून घरंगळल्यासारखी, आणि नारळांच्या पेंडी तशाच. मी खाली बघितलं. बुंध्याच्या पलीकडच्या अंगाची माती वारा आला की वर उचलली जात होती आणि वारा गेला की खाली बसत होती. तिथे एक फट होती. आधी दोन बोटं. मी पाच-सात झोत मोजले, तेव्हा ती वीतभर झाली होती.

भिंतीपासून बुंधा आठ मीटर. माड सोळाला कमी नाही. मी न काढलेलं वर्तुळ तेव्हा माझ्यासमोर उभं राहिलं. मागची खोली साडेतीन मीटर, स्वयंपाकघर चार. आईचा पलंग बरोबर मध्ये.

"काय झाला?" बायकोने विचारलं.

"हिका माजघरात न्हेवक व्हया. आताच."

पलंग आतल्या दाराने जाणार नव्हता. बाहेरून वळसा घालणं शक्यच नव्हतं, खळ्यात कौलं उडत होती. चादरीत उचललं तर मध्ये झोळ पडतो आणि पाय दुमडतो. मग मला शिडी आठवली. बांबूची, सतरा इंच रुंद. तिच्यावर दोन गोधड्या घातल्या, आईला कूस बदलायला लावून शिडी खाली सरकवली आणि लुगड्याने तिला बांधलं.

"माका काय तिरडेर घेतलास?" आई म्हणाली.

"गप ऱ्हवा वायच," बायको म्हणाली.

मी डोक्याकडे, ती पायांकडे. उचललं, आणि शिडी मध्ये वाकली. आईचा मोडलेला पाय कडेला घसरला आणि लोंबला. तिने जी किंकाळी फोडली ती मी कधी ऐकली नव्हती. आम्ही तिला परत पलंगावर टेकवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "ऱ्हवांदे," ती म्हणत होती, "ऱ्हवांदे माका हयच." तिसरं माणूस हवं होतं, फक्त तो पाय सरळ धरायला. मोबाइलला रेंज नव्हती. शेजारी शाळेत. मी परत खिडकीपाशी गेलो. फटीत आता हात गेला असता.

तेवढ्यात मागचं दार कोणीतरी दोन्ही हातांनी बडवायला लागलं. कडी काढली तशी झडप वाऱ्याने आत आली आणि तिच्याबरोबर वयनी. चिखलाने भरलेली, लुगड्याचा कासोटा घातलेला, कपाळातून थोडं रक्त. गडगा तिने चार पायांवर ओलांडला होता, हे नंतर कळलं.

"माझो माड सुटलो," ती म्हणाली. "मी खिडकेतसून बघतंय मगाधरसून. आवयक काढा हयसून!"

"पाय धरूक कोण नाय," बायको म्हणाली.

"मी आसंय मा? सरा."

मी काहीतरी म्हणायला गेलो. कागदाबद्दलच असणार. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भावजी, उचला."

तिने आईचा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत आपल्या दोन्ही हातांवर घेतला, पोटाशी धरला, आणि ती शिडीच्या बाजूने आडवी आडवी चालत निघाली. दार अरुंद, म्हणून तिथे तिला खाली वाकून, जवळजवळ शिडीखालून यावं लागलं. तसंच ती आली, पाय न हलवता. चुलीपाशी बायकोचा पाय घसरला आणि सावरला. आईने डोळे मिटून घेतले होते आणि ओठ आत दाबले होते. माजघराच्या मधल्या जाड चिऱ्याच्या भिंतीशी गादी आधीच टाकली होती. तिच्यावर शिडी टेकवली.

आम्ही लुगड्याच्या गाठी सोडत होतो तेव्हा माड पडला. आवाज वरून आला, मग बाजूने, मग घरभर. जमिनीतून तो पायाला लागला. माजघरात कौलांचा चुरा आणि काळी धूळ आली. आई म्हणाली, "गेलो?" वयनी म्हणाली, "गेलो." किती वेळ मध्ये गेला होता, मला सांगता येत नाही. बायको म्हणते पाच मिनिटं, वयनी म्हणते तेवढीही नाहीत. माझ्या हातात घड्याळ होतं आणि मी त्यात पाहिलं नव्हतं.

मी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावलो. खोड छपराचं आडं मोडून आत आलं होतं आणि पलंगाच्या उशाकडच्या भागावर आडवं पडलं होतं. त्याचा शेंडा स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून थांबला होता. नारळ घरंगळत चुलीपर्यंत आले होते. मी दार लावलं आणि आईला काही सांगितलं नाही.

वारा दुपारी दक्षिणेकडून आला, मग समुद्राकडून. चार नंबर पडला, आईच्या जुन्या खोलीवर, माझ्या वर्तुळात जिथे पडेल असं काढलं होतं तिथेच. मला त्याचं काही वाटलं नाही. माजघरात आम्ही तिघं आईभोवती भिंतीला टेकून बसलो होतो, आणि मी फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पहिल्या उचलण्यात पाय लोंबला होता. किती अंशांत दुमडला? साठ? नव्वदच्या पुढे? ती कण्हत होती. वयनी तासातासाने विचारायची, "खंय दुखता? वर काय खाली?" आणि आई कधी वर म्हणायची, कधी खाली. संध्याकाळी पाचला वारा ओसरला. आईच्या जांघेत सूज होती.

रस्ता चार दिवस बंद होता. वीज त्याहून जास्त दिवस नव्हती. तरुण मंडळी करवती घेऊन एकेक झाड बाजूला करत येत होती, आणि मी दर सकाळी रस्त्यावर जाऊन किती झाडं राहिली ते मोजून यायचो. एकतीस, बावीस, चौदा. आईला वेदनेच्या गोळ्या निम्म्या केल्या, कारण त्या पुरवायच्या होत्या. तिने त्याबद्दल तक्रार केली नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटत होती. वयनीच्या घराची कौलं अर्धी गेली होती, म्हणून ती आमच्याकडेच राहिली. आईचं भांडं देणं, अंग पुसणं, पाय उशांमध्ये सरळ ठेवणं हे तिने आपल्याकडे घेतलं. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. तिसऱ्या दिवशी मी मागीलदारात म्हटलं, "वयनी, त्या दिवशी मी चुकलंय." ती खोडावरची झावळं तोडत होती. "व्हय," ती म्हणाली, आणि तोडत राहिली.

सहाव्या दिवशी एक टेम्पो मिळाला. मागे गादी टाकून आईला मालवणला नेलं. बायको उशाशी बसली, वयनी पायाशी, खड्डा आला की दोन्ही हातांनी पाय उचलून धरायची. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बघत होतो.

एक्स-रे काढायला बारा मिनिटं लागली. डॉक्टरांनी जुना आणि नवा दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरले. मी विचारलं, प्लेट किती सरकली आहे? ते म्हणाले, सरकलेली नाही. मी म्हटलं, म्हणजे किती, मिलिमीटरमध्ये? त्यांनी माझ्याकडे बघितलं, टेबलावरची पट्टी घेतली, दोन्ही फोटोंवर एकेका स्क्रूचं अंतर मोजलं आणि पट्टी माझ्या हातात दिली. मी पण मोजलं. चारही स्क्रू. सूज स्नायूची होती.

बाहेर बाकावर त्या दोघी बसल्या होत्या. मी नुसता दारात उभा राहिलो. वयनी माझा चेहरा बघून अर्धवट उठली, बायकोचा हात तिने घट्ट धरला.

मी हात वर केला. "जाग्यार आसा," मी म्हटलं. "चारव स्क्रू जाग्यार आसत."

वयनी परत बाकावर बसली. पदराने तोंड पुसलं.

"मगे त्वांड असा कित्याक केलास, मेल्यानु," ती म्हणाली.